गालातली हवा

"फुगे, नळी फिरव! लक्ष कुठाय तुझं?"

मी ओरडले, आणि त्यात नवीन काही नव्हतं. मी रोजच ओरडते. आमच्या कारखान्यात बर्नरचा आवाजच एवढा, की आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही. आणि तसाही माझा आवाज वडिलांवर गेलाय.

काच तापून मऊ झाली की ज्योतीवर सारखी फिरवत राहावी लागते. हात थांबला की काच एका बाजूला ओघळलीच म्हणून समजा. फुगीचा हात तर जेवतानासुद्धा थांबत नाही, बोलता बोलता चमचा बोटांत फिरवत बसते. म्हणून मला वाटलं, बया मुद्दाम करतेय. आदल्या दिवशी मी तिचे दोन फ्लास्क बाद केले होते, त्याचा राग काढतेय. नुकताच गॅसचा सिलिंडर ओढून जागेवर लावला होता तिनं, तोही एकटीनं, मला हाक न मारता. म्हणजे रागातच होती.

काच ओघळली, लोंबली, टेबलावर टेकली. तरी ती बघतच बसली. मग नळी तोंडातून निसटली. तिच्या ओठांची उजवी बाजू खाली आली होती आणि तिथून हवा नुसती फुस्स फुस्स जात होती. उजवा हात मांडीवर पडला होता. तो तिचा हात आहे हे जणू तिला माहीतच नव्हतं.

"फुगे?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आम्ही दोघी बहिणी. प्रयोगशाळांना लागणारं काचसामान बनवतो, धंदा वडिलांचा. फुंकायचं काम धाकटीचं, तपासायचं माझं. तिनं केलेला नग मी खिडकीशी नेते, उजेडात फिरवून बघते. काचेत बुडबुडा दिसला की म्हणायचं "बाद", आणि नग कोपऱ्यातल्या पिंपात. नाही दिसला तर "पास". या दोन शब्दांवरून आम्ही जेवढ्या भांडलो असू तेवढ्या जावाजावाही भांडत नसतील. पण गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते त्या "बाद"मुळेच, हे मी तिला दहा वेळा सांगितलंय.

फुगी हे तिचं लहानपणापासूनचं नाव, गाल टम्म फुगवायची म्हणून. वडिलांनी ते गाल बघूनच तिला नळी दिली आणि मला कापड दिलं पुसायला. ते म्हणायचे, छातीनं फुंकणारा चार वर्षांत थकतो, गालानं फुंकणारा म्हातारपणापर्यंत कमावतो. हवा गालात साठवायची, गालांनीच सोडायची, आणि नाकानं श्वास चालूच ठेवायचा. मला ते कधी जमलं नाही. तिला पहिल्याच दिवशी जमलं.

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. त्या दिवशी नशिबानं सुट्टीवर होता. शेजाऱ्यांची गाडी मागून आणली त्यानं. एवढी मोठी बस घाट उतरवणारा माणूस, पण त्याच्या हातून किल्ली काही भोकात जाईना. मी मागे फुगीचं डोकं धरून बसले होते. "ड्रायव्हरसाहेब, चला हो!" असं मी किती वेळा किंचाळले असेन देव जाणे.

वेळेत पोचलो म्हणून बरं, असं सगळे म्हणाले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बोटं हलली, आठवड्यात ती पेला धरायला लागली. हात आला. बोलणं नाही आलं.

म्हणजे एक शब्द आला: "उद्या."

पाणी हवंय? "उद्या." दुखतंय का? "उद्या, उद्या." मी कोण? माझ्याकडे बघून डोळे भरून आले तिचे, आणि म्हणाली, "उद्या." सगळं कळत होतं तिला, शब्द तेवढे सापडत नव्हते. जन्मभर गिऱ्हाइकांना "माल उद्या देते, उद्या या" म्हणत आली होती. तेवढंच शिल्लक राहिलं. नवरा बिचारा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडायचा आणि मला म्हणायचा, "ताई, डोळ्यात काहीतरी गेलं."

मग कारण शोधायला सुरुवात झाली. वय बेचाळीस. बीपी नाही, साखर नाही, तंबाखू नाही. मानेच्या रक्तवाहिन्या बघितल्या, साफ. रक्त तपासलं, ठीक. छातीला तारा लावून दिवसभर हृदयाचे ठोके मोजले, एकही ठोका चुकला नाही. शेवटी बुडबुड्यांची तपासणी केली.

हे नाव ऐकून मी हसलेच. बुडबुडा म्हणजे माझा जन्माचा वैरी! मिठाचं पाणी हवेबरोबर घुसळतात, त्यात बारीक बुडबुडे होतात, आणि ते पाणी हाताच्या शिरेत सोडतात. हृदयाची सोनोग्राफी चालू असते. बुडबुडे उजव्या कप्प्यात येतात, तिथून फुप्फुसात जाऊन विरतात. पण उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलं तर ते सरळ डावीकडे घुसतात. जिथून बुडबुडा जातो तिथून गुठळीही जाते, आणि डावीकडून मेंदू काही लांब नाही. ते भोक एरवी मिटलेलं असतं, छातीत दाब वाढवून एकदम सोडला की उघडतं. म्हणून पेशंटला जोर करायला लावतात. इंजेक्शनची रिकामी पिचकारी तोंडात देतात, फुंकून तिचा दट्ट्या ढकलायचा आणि तसाच धरून ठेवायचा.

फुगीला काय सांगायचं? तिनं पिचकारी ओठांत धरली, दट्ट्या सरकन वर गेला आणि तिथंच थांबला. ओठ किंचित वाकडे होते तरीसुद्धा. तपासणारा पोरगा थक्क झाला. "मावशी, काय दम आहे हो तुमचा!"

"कारागीर आहे ती," मी छाती पुढे काढून सांगितलं.

बुडबुडे उजवीकडेच राहिले. भोक नाही, असं लिहिलं त्यांनी. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कारण सापडलं नाही. असं बऱ्याच जणांचं होतं."

"सापडलं नाही म्हणजे काय? काही चोर पळून गेलाय का?" माझं डोकं फिरलं. "आणि कारण माहीत नाही तर पुन्हा येणार नाही कशावरून?"

"तेच सांगता येत नाही," ते म्हणाले. माणूस सज्जन होता, ओरडला नाही. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून गोळी दिली, चालायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं. छातीच्या कातडीखाली बोटाच्या पेराएवढं यंत्रही बसवलं. काहींचे ठोके क्वचितच बेताल होतात, एका दिवसाच्या तपासणीत ते सापडत नाहीत, म्हणून हे यंत्र वर्षानुवर्षं पहारा देतं म्हणे. यंत्र पहारा देत बसलं आणि मीही बसले.

डॉक्टरांना कारण नाही सापडलं म्हटल्यावर जो तो आपापलं कारण घेऊन दारात उभा. कुणी म्हणे ज्योतीसमोर बसून डोकं तापलं. कुणी म्हणे विचार फार करायची. एका गिऱ्हाइकानं तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही किती ओरडता हो त्यांच्यावर." त्याची मी बिनपाण्यानं केली. पण तो गेल्यावर मी पिंपाजवळ बसून राहिले. पिंपात तिचे बाद केलेले नग होते.

खरं सांगते, मी भित्री नाही. पण त्या दिवसांत मी तिला एकटीला संडासलाही जाऊ देत नव्हते. तिचा चमचा जरा थांबला की मी तिचा हात धरून हलवायची. ती झोपली की मी तोंडाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना. एकदा तिनं डोळे उघडले, माझा हात झटकला आणि वैतागून म्हणाली, "उद्या!" म्हणजे, मरायचं ते उद्या बघू, आता झोपू दे. एवढं तर मला कळतं.

आणि मग ते पुन्हा आलं.

सकाळची वेळ. मी दारात भाजी निवडत होते. फुगीनं पाण्यानं भरलेली बादली उचलली. मी "ठेव ती!" म्हणेपर्यंत कमरेपर्यंत उचलून झालीही होती. बादली धाडकन खाली आली. पाणी माझ्या पायापर्यंत आलं. ती भिंतीला टेकून उभी होती, उजवा हात लोंबत होता, आणि तोंडातून "उद्या"सुद्धा निघत नव्हतं. नुसतं "अं… अं…"

गोळ्या चालू, चालणं चालू, मीठ बंद, यंत्र छातीत! सगळं करून पुन्हा तेच! मी देवाला शिव्या दिल्या, डॉक्टरला दिल्या, त्या बादलीला लाथ मारली. पायाचं बोट अजून दुखतंय.

या वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत हात परत आला, आणि शब्दही आला. "उद्या," असं ती रिक्षात म्हणाली तेव्हा तिचा नवरा आणि मी, दोघांनी मिळून तिचा मुकाच घेतला. पण या वेळी तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हा इशारा आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा झटका मोठा असू शकतो. या वेळी हात आला, पुढच्या वेळी कदाचित माणूसच राहणार नाही. मला सगळं पहिल्यापासून सांगा."

"अहो, फाईल आहे ना!"

"फाईल वाचली. आता तुम्ही सांगा." मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "पहिल्या झटक्याच्या आधी कुठं प्रवास?"

"छे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "कुठं काय! मागच्या वेळीही डॉक्टरांनी विचारलं होतं, मी सांगितलं, कुठंच नाही."

मी त्यांच्याकडे वळले. "अहो, तो काचेचा मोठा कंडेन्सर पोचवायला नाही का गेली होती? तुमच्याच बसमधून?"

"ते होय! तो काय प्रवास? तो तर माझा रोजचा रूट!"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "किती वेळाचा रूट?"

"सकाळी उजाडता निघतो, दिवे लागायला पोचतो. रस्ता खराब आहे ना."

"मधे उतरल्या असतील. पाय मोकळे केले असतील."

आता उत्तर मला द्यायचं होतं. "नाही," मी म्हणाले. "नग मांडीवर होता."

आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम आहे. मोठा नाजूक नग पोचवायचा तर मांडीवर घेऊन बसायचं, आणि पोचेपर्यंत उठायचं नाही. खाली ठेवला की फुटलाच. लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट कोण किती वेळ बसलं याची आम्ही फुशारकी मारायचो. परत आल्यावर तिची पोटरी धरली होती, सुजलीही होती थोडी. मी तेल चोळून दिलं आणि म्हटलं, "दिवसभर बसून राहिलीस की असंच होणार. काम कर, मोकळी होईल." मग तिनं सिलिंडर ओढला.

हे सगळं मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तासन् तास न हलता बसलं, पाणी प्यायलं नाही, तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते," त्या म्हणाल्या. "पण पायातली गुठळी फुप्फुसात जाते, मेंदूत नाही. मेंदूत जायला तिला हृदयातून चोरवाट हवी. आणि दोन्ही वेळेला यांनी जोर लावून काहीतरी उचललं होतं."

"पण भोक नाही ना," मी म्हणाले. "बुडबुडे गेले नाहीत. मी स्वतः बघितलं."

"मीही बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेच टेबल, तीच पिचकारी. खोलीत पडदे ओढून अंधार केलेला. फुगीनं दट्ट्या सरकन वर नेला, धरून ठेवला. बुडबुडे उजवीकडे आले आणि उजवीकडेच राहिले. मी सुटकेचा श्वास टाकला.

डॉक्टरबाईंनी मात्र फुगीच्या पोटावर हात ठेवला होता. "पोट मऊ आहे," त्या म्हणाल्या. मग वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. "या एवढा वेळ फुंकतायत आणि नाकानं श्वास चालू आहे! कसं काय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "गाल," मी म्हणाले. "अहो, ती गालानं फुंकते! आम्ही सगळे… म्हणजे तीच… छातीचा संबंधच नाही त्यात!"

"म्हणजे छातीत दाब वाढलाच नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "दोन्ही वेळेला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगातल्या कुठल्याही बाईला पिचकारी दिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. हिला मात्र वडिलांनी शिकवलं होतं. आणि मी शेजारी उभी राहून छाती काढत होते.

"फुगे, ऐक." मी पुढे झाले, तिचे दोन्ही गाल तळहातांनी दाबून धरले. "फुंकू नकोस. तोंड मीट, श्वास कोंड, आणि सिलिंडर उचल. कळलं? सिलिंडर! मला हाक न मारता उचलतेस ना, तस्सा!"

तिनं माझ्याकडे रागानं बघितलं. मग तोंड मिटलं, कण्हली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लालभडक झाला. पोट दगडासारखं झालं. "आता सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि फुगीनं श्वास सोडला.

उजवा कप्पा पांढरा झाला. डावा काळाच होता. एक ठोका, दुसरा ठोका, आणि मग मधल्या पडद्यातून बुडबुडे भसाभसा डावीकडे घुसले. एक-दोन नव्हे, मोजता येऊ नयेत इतके. सगळा डावा कप्पा ठिपक्यांनी भरून गेला.

"अरे देवा!" असं कोण म्हणालं ते मला अजून आठवत नाही. मीच असेन.

डॉक्टरबाईंनी ते चित्र थांबवून पुन्हा दाखवलं. दर चार माणसांत एकाला असं भोक जन्मापासून असतं, बहुतेकांना ते कधीच त्रास देत नाही, असं त्या सांगत होत्या. हेच कारण होतं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण वय, पाय, जोर आणि दुसरं काहीच न सापडणं, हे सगळं त्याच्याकडेच बोट दाखवतंय. जांघेतल्या शिरेतून तार नेऊन दोन छत्र्यांसारखी चकती लावता येते, भोक मिटतं. गोळी आणि यंत्र मात्र चालू राहील. आणि यापुढे मांडीवर नग घेऊन बसायचं नाही. मी मान हलवत होते. ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

फुगी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होती. बुडबुडे थांबलेले होते, सगळे पांढरे, तिच्याच हृदयात.

"बाद," ती म्हणाली.

स्पष्ट. खणखणीत. आम्ही सगळे दचकलो. "बोलली! ताई, बोलली!" तिचा नवरा उठलाच. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. त्यांना वाटलं, एक शब्द परत आला.

मला कळलं तो कुणाचा शब्द होता. तो सूर माझा होता. खिडकीशी उभी राहून, मागे न बघता, मी जसा टाकते तसाच. फुगीनं पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि मग कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे. "बाद," ती पुन्हा म्हणाली. रडत नव्हती. जे आहे ते सांगत होती.

मी उठले, खिडकीशी गेले आणि पडदा खसकन बाजूला सारला. "अहो ताई, अंधार लागतो इथं!" मागून कुणीतरी ओरडलं. ओरडू दे. मी परत आले, फुगीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे वळवला. या गालापासून त्या गालापर्यंत नीट बघितला, अगदी सावकाश. उजवी बाजू अजून किंचित ओघळलेली होती.

"पास," मी म्हणाले.

फुगीनं माझ्याकडे संशयानं बघितलं. इतक्या वर्षांत बुडबुडा असलेला नग मी कधी पास केला नव्हता, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"पास गं," मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी मला ओरडताच आलं नाही.